प्रतिकर्षण बलावरून विद्युतप्रभार काढणे : प्रकल्प नोंदी

१२ डिसेंबर २०२४, सोलापूर

प्रकल्पाचा विषय आज निश्चित झाला. दोन सजातीय प्रभारित वस्तू एकमेकींना ज्या बलाने दूर ढकलतात ते बल मोजायचे आणि त्यावरून प्रत्येक वस्तूवर किती विद्युतप्रभार आहे हे काढायचे. कुलोमचा नियम (बल हे दोन प्रभारांच्या गुणाकाराच्या सम आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते) बारावीपासून आपण वापरत आलो आहोत, पण बहुतेक वेळा एकाच दिशेने : प्रभार दिलेले असतात, अंतर दिलेले असते आणि बल काढायचे असते. उलट दिशेने जाताना एक अडचण लगेच समोर येते, ती म्हणजे या नियमात प्रभार एकेकटे येत नाहीत, त्यांचा गुणाकार येतो. बल आणि अंतर कितीही अचूक मोजले तरी हाती लागतो तो गुणाकारच. तो ३६ वर्ग नॅनोकुलोम आला (कुलोम हे प्रभाराचे एकक, नॅनोकुलोम त्याचा अब्जांश), तर प्रभार ६ व ६ असतील, ४ व ९ असतील किंवा १ व ३६ असतील, आणि बलाच्या दृष्टीने या तिन्ही जोड्या सारख्याच आहेत. म्हणून बल मोजणे हे या प्रकल्पाचे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे काम म्हणजे गुणाकाराची फोड करण्यासाठी दुसरी एखादी विश्वासार्ह माहिती मिळवणे. मला स्वतःला हे दुसरे अर्धे काम अधिक महत्त्वाचे वाटते आणि नोंदींमध्ये भर त्यावरच राहील.

१८ डिसेंबर २०२४

पहिला अंदाज घेण्यासाठी टांगलेल्या गोळ्यांची जुनी पद्धत निवडली. कुलोम यांच्या उपकरणात एल्डर झाडाच्या भेंडाची गोळी होती. आमच्याकडे ज्वारीचा कडबा मुबलक आहे, आणि जाड ताटाची साल काढली की आतला भेंड हलका, कोरडा व सहज गोल करता येण्याजोगा निघतो. पॉलिश पेपरवर फिरवून सुमारे १२ मिलिमीटर व्यासाच्या तीन गोळ्या केल्या. पातळ डिंकात ग्रॅफाइटची पूड कालवून त्यांच्यावर लेप दिला, आणि लेप सुकल्यावर गोळीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून पृष्ठभाग सलग सुवाहक झाला आहे याची खात्री केली. लेपासह प्रत्येक गोळीचे वस्तुमान ६० मिलिग्रॅम ठेवले. ज्या गोळीचे जास्त भरले ती पुन्हा घासून तिच्यावर लेप दिला. धागा नायलॉनचा, एकेरी तंतूचा घेतला, कारण पिळाच्या दोऱ्यात ओल धरून राहते आणि प्रभार तिथून गळतो.

२० डिसेंबर २०२४

दोन गोळ्या एकाच बिंदूपासून, मध्यापर्यंत ५० सेंटिमीटर लांबीच्या धाग्यांनी टांगल्या. मागे आरशाची पट्टी लावून तिच्यावर मोजपट्टी चिकटवली. गोळी आणि तिचे प्रतिबिंब एका रेषेत येईल अशा ठिकाणाहून वाचन घेतले म्हणजे तिरक्या नजरेचा दोष राहत नाही. लोकरीने घासलेल्या पीव्हीसीच्या पत्र्यावर धातूची चकती ठेवून, तिला क्षणभर बोट लावून आणि मग विद्युतरोधक मुठीने उचलून, म्हणजेच इलेक्ट्रोफोरसच्या रीतीने प्रभार घेतला. एकमेकींना चिकटून असलेल्या दोन्ही गोळ्यांना चकती टेकवताच त्या झटकन दूर झाल्या आणि हेलकावे थांबल्यावर त्यांच्या मध्यांतील अंतर ९.० सेंटिमीटर भरले.

गणित सरळ आहे. प्रत्येक गोळीवर तीन बले आहेत : वजन, धाग्याचा ताण आणि प्रतिकर्षण. समतोलात प्रतिकर्षण बल हे वजन गुणिले धाग्याच्या उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनाच्या स्पर्शिका (टॅन) गुणोत्तराइतके येते. कोनाची ज्या (साइन) ४.५ भागिले ५०, म्हणजे ०.०९, स्पर्शिका ०.०९०४. सोलापूरसाठी गुरुत्वत्वरण ९.७८ घेतल्यास वजन ५८७ मायक्रोन्यूटन आणि बल ५३ मायक्रोन्यूटन. कुलोमचा स्थिरांक ८९९ कोटी (एसआय एककांत) धरून प्रभारांचा गुणाकार ४७.८ वर्ग नॅनोकुलोम येतो. प्रभार समान मानले तर प्रत्येकी ६.९ नॅनोकुलोम, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात प्रत्येक गोळीवर सुमारे ४३०० कोटी इलेक्ट्रॉनांची कमतरता.

‘समान मानले तर’ हे शब्द मी वहीत अधोरेखित केले आहेत.

२१ डिसेंबर २०२४

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण या ठिकाणी विद्यार्थ्यांची समजूत हमखास चुकीच्या दिशेने जाते. काल दोन्ही धागे उभ्या रेषेशी सारखाच कोन करून उभे होते, त्यामुळे गोळ्यांवरील प्रभारही सारखे असणार असे पाहणाऱ्याला सहज वाटते. हा निष्कर्ष बरोबर नाही, आणि ते तपासणे अगदी सोपे आहे. गोळ्या पुन्हा ९ सेंटिमीटरवर आणल्या आणि तिसरी, तंतोतंत तशीच पण प्रभाररहित गोळी ॲक्रिलिकच्या कांडीवर धरून डावीकडच्या गोळीला बाहेरच्या बाजूने टेकवली. डावीकडचा प्रभार त्यामुळे जवळपास निम्मा झाला. नेमका निम्मा नव्हे, कारण उजवी प्रभारित गोळी जवळ असल्याने वाटणीत थोडा फरक पडतो. आता डावीकडे साधारण साडेतीन आणि उजवीकडे साधारण सात नॅनोकुलोम होते. तरीही दोन्ही धागे पूर्वीइतकेच सममित राहिले. फक्त अंतर कमी होऊन ७.१ सेंटिमीटरच्या आसपास स्थिरावले.

कारण न्यूटनचा तिसरा नियम. डावीने उजवीला ज्या बलाने ढकलले त्याच बलाने उजवीने डावीला ढकलले, मग प्रभार कितीही विषम असोत. वस्तुमाने सारखी असली तर कोन सारखेच राहतील. कोनांत फरक पडलाच तर तो वस्तुमानांतील फरक सांगेल, प्रभारांतील नाही. कोन लहान असताना अंतराचा घन हा प्रभारांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, आणि गुणाकार निम्मा झाल्यावर अंतर ०.७९ पट व्हायला हवे. ९ चे ७.१ म्हणजे तेच. पहिल्या दिवशी लिहिलेली अडचण आज डोळ्यांसमोर टांगलेली दिसली.

याच घनाच्या नात्यामुळे ही पद्धत पुढे न्यायची नाही असे ठरवले. दोन्ही प्रभार निम्मे झाले तरी अंतर ०.६३ पटच होते, म्हणजे प्रभारात मोठा बदल झाला तरी अंतरात तो दबून दिसतो. शिवाय अंतर आपल्या हाती राहत नाही. ते गोळ्या ठरवतात. बल आणि अंतर स्वतंत्रपणे हाताळता येतील अशी मांडणी हवी.

२७ डिसेंबर २०२४

आजचा वेळ वाचनाला दिला. १७८५ साली शार्ल ओग्युस्तँ द कुलोम यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीसमोर मांडलेल्या प्रबंधात पीळ तराजूची (तारेला पडलेल्या पिळावरून बल मोजणाऱ्या उपकरणाची) तीन वाचने आहेत. गोळ्यांमधील अंतर ३६ अंश असताना तारेचा पीळ ३६ अंश, अंतर १८ अंशांवर आणण्यासाठी एकूण पीळ १४४ अंश, आणि ८.५ अंशांवर आणण्यासाठी ५७५.५ अंश. अंतर निम्मे झाल्यावर बल नेमके चौपट, आणि पाव भागाहून थोडे खाली गेल्यावर जवळजवळ सोळापट. एवढ्या मोजक्या वाचनांवर इतका मोठा नियम उभा आहे.

आमच्या कामाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कुलोम यांना प्रभाराचे मूल्य कुठेच लागले नाही. एकाच प्रभारांच्या जोडीसाठी अंतर बदलल्यावर बल कितीपट होते एवढेच त्यांनी पाहिले, आणि गुणोत्तरात गुणाकार आपोआप छेदला जातो. प्रभाराच्या एककाला त्यांचे नाव मिळाले ते १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत. मात्र जुन्या सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीतील स्थितिक विद्युत एकक हे प्रतिकर्षणावरूनच ठरवलेले आहे : दोन समान प्रभार निर्वात जागेत एक सेंटिमीटर अंतरावर एकमेकांना एक डाइन (त्या पद्धतीतील बलाचे एकक) बलाने ढकलत असतील तर प्रत्येक प्रभार एक एकक. त्या व्याख्येतही ‘समान’ हा शब्द आहेच, आणि तो तिथे असणे अपरिहार्य आहे.

४ जानेवारी २०२५

नवी मांडणी तयार झाली. मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तराजूच्या पारड्यावर ३० सेंटिमीटर उंचीची पातळ ॲक्रिलिकची नळी उभी केली आणि तिच्या टोकावर ग्रॅफाइटचा लेप दिलेला टेबल टेनिसचा चेंडू बसवला. व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या २ सेंटिमीटर. तसाच दुसरा चेंडू उभ्या स्टँडवरून खाली सोडलेल्या ॲक्रिलिकच्या कांडीला लावला. स्टँडवर वर-खाली सरकणारा आडवा दांडा आहे, त्यामुळे मध्यांतील अंतर आपण ठरवू तेवढे ठेवता येते. वरच्या चेंडूचे प्रतिकर्षण खालच्या चेंडूला खाली दाबते आणि तराजू ते वाढलेल्या वजनाच्या रूपात दाखवतो. एक मिलिग्रॅम म्हणजे ९.७८ मायक्रोन्यूटन.

सोयीसाठी सूत्र असे बसवले : मिलिग्रॅममधील वाचन गुणिले सेंटिमीटरमधील अंतराचा वर्ग गुणिले ०.१०८८ केले की प्रभारांचा गुणाकार थेट वर्ग नॅनोकुलोममध्ये मिळतो. पुढील सर्व नोंदींत हेच सूत्र आहे.

नळीची उंची मुद्दाम जास्त ठेवली आहे. पारडे आणि तराजूची पेटी धातूची आहे, आणि प्रभारित चेंडू जवळ आला की त्या धातूवर विरुद्ध प्रभार प्रवर्तित होतो. खालचा चेंडू आणि पारडे यांच्यातील आकर्षण वाचनात येत नाही, कारण दोन्ही एकत्रच तोलले जातात. पण पेटी तोलली जात नाही, म्हणून पेटीवरील प्रवर्तित प्रभार खालच्या चेंडूला ओढतो आणि वाचन वाढवतो. उलट पारड्यावरील प्रवर्तित प्रभाराला वरचा चेंडू वर ओढतो आणि वाचन घटवतो. खालच्या चेंडूचा स्वतःचा परिणाम वगळण्यासाठी तो प्रभारित केल्यावर आणि वरचा चेंडू दूर असताना तराजू शून्यावर आणतो. उरलेला परिणाम प्रतिमा-प्रभाराच्या (धातूच्या पृष्ठभागामागे आरशातल्यासारखा विरुद्ध प्रभार आहे असे मानून केलेल्या) हिशेबाने १० सेंटिमीटर अंतराला जास्तीत जास्त २ टक्के, १५ ला ४ टक्के आणि २० ला ६ टक्के येतो.

९ जानेवारी २०२५

दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास होती, असे दिवस या कामाला सोन्यासारखे. नळ्या-कांड्या स्पिरिटने पुसून घेतल्या. बोटांचा तेलकटपणा राहिला तर त्यावर ओल बसते.

प्रभार समान करण्याची कृती अशी ठरवली. दोन्ही चेंडू एकमेकांना टेकलेले धरायचे, चकतीने प्रभार द्यायचा, चकती पूर्णपणे दूर न्यायची आणि मगच चेंडू विलग करायचे. चकती टेकलेली असतानाच चेंडू वेगळे केले तर जवळच्या आणि दूरच्या चेंडूला वेगवेगळा वाटा जातो. चेंडू विलग करताना हातही दोन्हींपासून सारख्या अंतरावर हवा, कारण हात हाही सुवाहकच आहे. समानतेचा आधार केवळ सममिती आहे आणि ती जपावी लागते.

मिळालेली वाचने : २० सेंटिमीटरला ११ मिलिग्रॅम, १५ ला १८, १० ला ३९, ८ ला ५९ आणि ६ ला ९५. सूत्रात घालून वर्गमूळ काढले की प्रत्येक चेंडूवरील प्रभार अनुक्रमे २१.९, २१.०, २०.६, २०.३ आणि १९.३ नॅनोकुलोम येतो. प्रभार एकच असताना उत्तर जवळ येताना घटत गेले आहे. सर्व वाचने काही मिनिटांत झाली आणि शेवटी पुन्हा १० सेंटिमीटरवर जाऊन पाहिले तेव्हा ३८ मिलिग्रॅम दिसले, त्यामुळे गळतीने एवढा फरक पडत नाही हे स्पष्ट आहे.

११ जानेवारी २०२५

घटीचे कारण चेंडूंच्या आकारात आहे. कुलोमचा नियम बिंदुप्रभारांसाठी आहे. सुवाहक गोल जवळ आले की सजातीय प्रभार एकमेकांपासून दूर, पलीकडच्या बाजूला सरकतात, त्यामुळे बल बिंदुप्रभारांपेक्षा कमी भरते. एका गोलाच्या क्षेत्रात दुसऱ्यात निर्माण होणारा द्विध्रुव (एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण अशी प्रभाराची विभागणी) धरून दोन्ही बाजूंचा हिशेब केला, तर समान प्रभारांसाठी बल १ वजा [४ गुणिले (त्रिज्या भागिले अंतर) या गुणोत्तराचा घन] इतक्या पट होते. आमच्या चेंडूंसाठी हा गुणक १५ सेंटिमीटरला ०.९९१, १० ला ०.९६८, ८ ला ०.९३८ आणि ६ ला ०.८५२ आहे.

दुरुस्तीनंतरचे प्रभार : २१.१, २०.९, २०.९ आणि २०.९ नॅनोकुलोम. ६ सेंटिमीटरचे वाचनही रांगेत येऊन बसले याचा आनंद झाला, तरी त्यावर मी फार भार टाकणार नाही, कारण इतक्या जवळ द्विध्रुवापुढील पदेही हिशेबात घ्यायला हवीत. २० सेंटिमीटरचे २१.९ मात्र वरच राहिले. तिथे वाचनच ११ मिलिग्रॅमचे आणि शिवाय खालच्या धातूचा परिणाम सर्वांत जास्त. जवळ ध्रुवीकरण, दूर धातूची प्रतिमा, आणि मध्ये ८ ते १५ सेंटिमीटरचा पट्टा विश्वासाचा. पुढील कामासाठी १० व १२ सेंटिमीटर ही अंतरे घेतो.

सीजीएसमध्ये तपासून पाहिले : ३९ मिलिग्रॅम म्हणजे ३८.१ डाइन, दुरुस्तीनंतर ३९.४, गुणिले १०० आणि वर्गमूळ, सुमारे ६३ एकके. एका नॅनोकुलोमला साधारण ३ एकके, म्हणजे तेच उत्तर.

१९ जानेवारी २०२५

आज प्रकल्पाच्या गाभ्याला हात घातला : प्रभार समान नाहीत हे ठाऊक असताना प्रत्येकाचे मूल्य काढणे. दुसरी माहिती मिळवण्याची युक्ती म्हणजे प्रभाराची अक्षय्यता, म्हणजे एकूण प्रभार घटत किंवा वाढत नाही ही गोष्ट. प्रथम विषम प्रभारांचे बल मोजायचे, मग चेंडू एकमेकांना टेकवून पुन्हा त्याच अंतरावर नेऊन मोजायचे. चेंडू सारखे असल्याने टेकवल्यावर प्रत्येकावर एकूण प्रभाराचा निम्मा भाग येतो. दुसऱ्या बलातून निम्मी बेरीज कळते. आणि दोन बलांतील फरक हा थेट निम्म्या वजाबाकीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे वर्गसमीकरण सोडवण्याचीही गरज उरत नाही : निम्म्या बेरजेत निम्मी वजाबाकी मिळवली की मोठा प्रभार आणि वजा केली की लहान. यातूनच हेही दिसते की सजातीय प्रभारांच्या बाबतीत टेकवल्यानंतरचे बल आधीच्यापेक्षा कधीच कमी असू शकत नाही. कमी आले तर मधल्या काळात गळती झाली आहे असे समजावे.

वरच्या चेंडूला भरपूर आणि खालच्याला थोडा प्रभार दिला. १२ सेंटिमीटरवर वाचन ११ मिलिग्रॅम. टेकवल्यानंतर त्याच अंतरावर २० मिलिग्रॅम. गुणाकार अनुक्रमे १७२ आणि ३१३ वर्ग नॅनोकुलोम. निम्मी बेरीज ३१३ चे वर्गमूळ, १७.७, निम्म्या वजाबाकीचा वर्ग १४१, म्हणून ती ११.९. प्रभार २९.६ आणि ५.८ नॅनोकुलोम.

ध्रुवीकरणाची दुरुस्ती इथे थोडी वेगळी करावी लागते. प्रभार विषम असताना घट ही गुणाकाराच्या नव्हे तर दोन्ही वर्गांच्या बेरजेच्या प्रमाणात असते, कारण मोठा प्रभार लहान प्रभाराच्या चेंडूत मोठा द्विध्रुव निर्माण करतो. तो हिशेब केल्यावर गुणाकार १८१ आणि ३१९ झाले आणि प्रभार २९.६ व ६.१ नॅनोकुलोम. मोठा प्रभार जागचा हलला नाही, लहान मात्र ५ टक्क्यांनी वाढला. तराजूच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या अनिश्चिततेमुळे मोठ्यात सुमारे ०.६ आणि लहानात सुमारे ०.४ नॅनोकुलोमची अनिश्चितता येते.

दोन गोष्टी बलाने अजूनही सांगितलेल्या नाहीत. मोठा प्रभार वरच्या चेंडूवर होता की खालच्या, आणि दोन्ही धन होते की ऋण. समीकरणे दोन्ही बाबतींत सममित आहेत. पहिल्याचे उत्तर प्रभार देतानाच्या कृतीतून येते. दुसऱ्याचे उत्तर पीव्हीसीच्या पत्र्यातून : लोकरीने घासल्यावर तो ऋण होतो, म्हणून प्रवर्तनाने चकतीवर आलेला प्रभार धन. सुवर्णपत्री विद्युतदर्शीने (सोन्याच्या पातळ पत्र्यांच्या हालचालीवरून प्रभार दाखवणाऱ्या उपकरणाने) याची खात्री केली.

२ फेब्रुवारी २०२५

बलावरून काढलेला प्रभार खरा आहे का, हे बलाचा संबंध नसलेल्या मार्गाने पाहायचे होते. १०.१ नॅनोफॅरड मोजलेला पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर (प्रभार साठवणारा घटक) आणि एफईटी इनपुटचा ऑप-ॲम्प (ज्यात जवळपास प्रवाह शिरत नाही असा प्रवर्धक) घेऊन साधा प्रभारमापक केला. साधे मल्टिमीटर थेट लावता येत नाही. त्याच्या १० मेगाओहम रोधातून एवढा कपॅसिटर सुमारे दशांश सेकंदातच रिकामा होऊ लागतो. चेंडूची स्वतःची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) २.२ पिकोफॅरड, कपॅसिटरच्या तुलनेत नगण्य, त्यामुळे टेकवल्यावर जवळपास सगळा प्रभार कपॅसिटरमध्ये उतरतो.

समान प्रभार देऊन १० सेंटिमीटरवर वाचन ३६ मिलिग्रॅम, दुरुस्तीनंतर प्रत्येकी २०.१ नॅनोकुलोम. लगेच खालचा चेंडू मापकाला टेकवला : १.९८ व्होल्ट, म्हणजे २०.० नॅनोकुलोम. मापक शून्यावर आणून वरचा टेकवला : १.९३ व्होल्ट, १९.५ नॅनोकुलोम. गुणाकार ३९०, तर बलावरून ४०५. जवळजवळ ४ टक्क्यांच्या या फरकात खालच्या धातूचा वाटा २ टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि दोन मापनांमधल्या वेळेत झालेल्या गळतीचा थोडा. समान करण्याच्या कृतीतून प्रभार अडीच टक्क्यांच्या आत समान होतात हेही यातून कळले, आणि याचे महत्त्व मला बलाच्या जुळण्याइतकेच वाटते.

९ फेब्रुवारी २०२५

शेवटची मोजणी वेगवेगळ्या आकारांच्या गोलांची. २ सेंटिमीटर त्रिज्येचा चेंडू खाली आणि ३ सेंटिमीटर त्रिज्येचा, तसाच लेप दिलेला रबरी चेंडू वर. असे गोल थेट टेकवले तर प्रभाराची वाटणी त्रिज्यांच्या प्रमाणात होत नाही. मोठ्या गोलाच्या सान्निध्यामुळे लहान गोलाला त्रिज्येच्या हिशेबाहूनही कमी वाटा मिळतो. म्हणून दोन्ही एक मीटर दूर ठेवून बारीक तारेने जोडले, प्रभार दिला आणि विद्युतरोधक कांडीने तार बाजूला केली. तारेमुळे विभव समान होते, आणि एवढ्या अंतरावर प्रभारांचे गुणोत्तर त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या, म्हणजे ३ : २ च्या, सुमारे एक टक्क्याच्या आत असते. हीच इथली दुसरी माहिती.

१५ सेंटिमीटरवर वाचन २५ मिलिग्रॅम. गुणाकार ६१२, दोन्ही त्रिज्या धरून दुरुस्ती केल्यावर ६२३ वर्ग नॅनोकुलोम. ३ : २ ने फोड केली : लहान चेंडूवर २०.४, मोठ्यावर ३०.६. मापकाने अनुक्रमे १.९९ आणि २.९९ व्होल्ट दाखवले, म्हणजे २०.१ आणि ३०.२ नॅनोकुलोम.